लेखन-महिना : एक अनुभव, काही प्रश्न

दलित माणसाजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे आज कोणी म्हणणार नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, १९८१ साली आमच्या जिल्ह्यातील आटपाडीच्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' आले, १९८६ साली फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले, आणि हा प्रश्न कायमचा निकालात निघाला. प्रश्न दुसराच आहे आणि त्याची चर्चा आपण फारशी करीत नाही. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे त्याला लिहायला का बसता येत नाही? माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुले-मुली अशी असतात, की त्यांच्या तोंडून एखादा प्रसंग ऐकताना अंगावर काटा येतो. त्यांना 'हे लिही' म्हटले की ती मान डोलावतात आणि लिहीत नाहीत. मीही त्यांच्यातलीच आहे. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. दहा-अकरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवते आहे, तीही तासिका तत्त्वावर. एवढ्या वर्षांत शोधनिबंध लिहिले, कारण ते नोकरीच्या अर्जाला जोडता येतात. पण आमच्या घराविषयी एक ओळ लिहिली नव्हती. ह्याचे कारण माझा आळस, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते.

आळस हे खरे कारण नव्हे. लिहायला जागा लागते, सलग वेळ लागतो, लिहिलेले कोणाच्या हाती पडणार नाही असा एक कोपरा लागतो आणि ऐकणारे माणूस लागते. प्रस्थापित लेखकाला ह्या गोष्टी लागतात हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्या त्याच्या घरात आधीपासूनच असतात. आमच्या दोन खोल्यांत पाच माणसे. टेबल एकच, ते मुलाच्या अभ्यासाचे. ह्यांतील जागेची आणि वेळेची तक्रार आपण सगळेच करतो. ऐकणाऱ्याची उणीव मात्र आपल्याला जाणवतच नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. ती भरून काढण्याचा एक मार्ग म्हणून महिनाभराच्या सामूहिक लेखनाचा प्रयोग आम्ही माधवनगरात केला. तो कसा केला, कोठे चुकलो आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, ते येथे मांडते आहे.

कल्पना मूळची आपली नव्हे हे प्रथम सांगितले पाहिजे. १९९९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने मित्रमंडळी जमविली. सगळे मिळून एकवीस जण. प्रत्येकाने एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, चांगली-वाईट ह्याचा विचार महिना संपल्यावर करायचा, एवढाच नियम. दुसऱ्या वर्षी, २००० साली, हा उपक्रम नोव्हेंबरमध्ये नेला गेला आणि 'राष्ट्रीय कादंबरी-लेखन महिना' म्हणून, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नॅनोरायमो' म्हणून, तो जगभर पसरला. पुढे लाखो माणसे त्यात भाग घेऊ लागली. सॅरा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' (२००६) आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची 'द नाइट सर्कस' (२०११) ह्या गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे ह्याच उपक्रमात लिहिले गेले. पण माझ्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट कादंबऱ्या नव्हेत. गावोगावची अनोळखी माणसे ठरल्या वेळी वाचनालयात नाहीतर चहाच्या दुकानात एकत्र बसून मुकाट्याने लिहीत, आणि शेजारी कोणीतरी लिहिते आहे एवढ्याच आधारावर पान भरीत, ही ती गोष्ट.

ती संस्था आता राहिली नाही. मार्च २०२५ मध्ये तिने आपले काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. आदल्या वर्षी तिने एक निवेदन काढले होते. यंत्राकडून लेखन करवून घेण्याला सरसकट विरोध करणे ह्यात वर्गभेदाची छटा आहे, अशा अर्थाचे ते निवेदन होते आणि त्यावर बरेच लेखक संतापले. मीही ते वाचून थोडी हसले. गरिबाला लिहिता येत नाही, म्हणून त्याला लिहिणारे यंत्र द्या! गरिबाला दोन तास आणि एक खोली द्या, असे त्या निवेदनात कोणी म्हटले नव्हते.

मी असल्या लेखन-महिन्यात पहिल्यांदा सामील झाले ती काही वर्षांपूर्वी, एका मैत्रिणीच्या आग्रहाने. गट मोठ्या शहरातला, व्यवहार इंग्रजीत आणि फोनवरून. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. माणसे खरोखर चांगली होती. कोणी मागे पडले तर धीर देत, आकडा वाढला की कौतुक करीत. मी मराठीत लिहायची आणि थोडा भाग इंग्रजीत करून त्यांना दाखवायची. माझ्या पहिल्याच पानावर एक वाक्य होते : 'आबा कामावरून आले की आमच्यावर ओरडत.' त्या वाक्याचे फार कौतुक झाले. बापाचे चित्र जबरदस्त उभे राहिले आहे, असे एकीने कळविले. मी खूश झाले. पुढचे आठ-नऊ दिवस मी ओरडणारा बापच लिहीत गेले. एकदा तर त्याच्या हातात दारूही दिली. माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. अकराव्या दिवशी सगळे एकदम वाचून पाहिले आणि वही बंद केली.

त्या माणसांना मी दोष देत नाही. मला जे ऐकावेसे वाटत होते ते त्यांनी म्हटले. पण आपण ज्या बापाला ओळखतो तो सोडून ऐकणाऱ्याच्या ओळखीचा बाप आपण लिहू लागतो, आणि तेही कोणी सक्ती न करता, केवळ शाबासकीपोटी, हे त्या अकरा दिवसांत माझ्या लक्षात आले. दलित लेखनाकडून दुःखाची आणि रागाची ठराविक मात्रा मागणारा वाचक सर्वत्र आहे. तो वाईट माणूस असतो असे नाही.

दुसरी अडचण आकड्याची होती. ५०,००० शब्द तीस दिवसांत म्हणजे दिवसाला १,६६७. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील. तेव्हा मराठीतले ५०,००० शब्द हे इंग्रजीतल्यापेक्षा बरेच जास्त लेखन होते. हाताने लिहिणाऱ्याला रोजची फुलस्केपची सात-आठ पाने. ज्याने हा आकडा ठरविला त्याच्या घरी भाकऱ्या कोण थापीत होते, हे मला माहीत नाही. आमच्या गटातील तिघींच्या घरी त्या आम्हीच थापतो.

तरीही मूळ कल्पना मनातून जाईना. मग मी तिच्यासारखे आपल्याकडे काय आहे ते शोधू लागले, आणि आश्चर्य म्हणजे पुष्कळ सापडले. बाबासाहेबांच्या जयंतीला किंवा महापरिनिर्वाणदिनी आपली मुले महाविद्यालयांत, वसतिगृहांत सलग अठरा तास वाचनाला बसतात. एकेकट्याला जे जमत नाही ते ओळीने बसल्यावर जमते, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे वाचन चालते. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मुदतीत. मुदत, ठरलेली वेळ, सोबत ही तीनही अंगे आपल्याकडे आहेत. फक्त आपण ती वाचनासाठी वापरतो, लिहिण्यासाठी नाही.

लिहिण्यासाठी वापरल्याचेही एक मोठे उदाहरण आहेच. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळा दीड दिवसाची. कादंबऱ्या तीसहून अधिक. ही प्रतिभा दैवी होती असे म्हणून आपण मोकळे होतो. पण १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, ह्याचा लेखनाच्या दृष्टीने अर्थ काय, हे पाहिले पाहिजे. आज लिहिलेले उद्या-परवा कामगारांपुढे गायचे आहे. माणसे वाट पाहत आहेत. वाट पाहणारे कोणी असले की लेखणी चालते. ह्याच्या उलट उदाहरण बेबीताईंचे. त्या फलटणला लहानसे दुकान चालवीत. घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षे, त्या लिहीत राहिल्या. फलटणला राहणाऱ्या अमेरिकन भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाचा पत्ता लागला, त्यांनी ते छापण्याचा आग्रह धरला, आणि मग ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः व पुढे पुस्तकरूपाने आले. एक ऐकणारी भेटली म्हणून ते लेखन आज आपल्या हातात आहे. न भेटल्यामुळे किती वह्या रद्दीत गेल्या असतील?

आमचा गट २०२४ साली जमला. महिना कोणता धरावा ह्यावर बोलणे चालले असता विद्यार्थ्यांपैकी एकीने बोटे मोजून दाखविली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाणदिन. ७ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर, दोन्ही दिवस धरून, बरोबर तीस दिवस भरतात. मध्ये २६ नोव्हेंबर संविधान दिन, २८ नोव्हेंबर जोतीरावांचा स्मृतिदिन. ह्याहून आपला महिना दुसरा कोणता?

माधवनगर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीला लागून असलेले, रेल्वे स्टेशन असलेले हे यंत्रमागांचे गाव. वस्तीतल्या समाजमंदिरात बसले की भिंतीपलीकडून मागांची खडखड येते. रविवारी कोठे माग बंद असतील तेवढीच शांतता. आम्ही सात जण होतो. मी, एक प्राथमिक शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेले एक गृहस्थ, एम.ए.ची दोन मुले, आणि रातपाळीला माग चालविणारा एक चोवीस वर्षांचा तरुण. ह्या तरुणाला मुलांपैकी एकाने ओढून आणले. त्याला दहावीनंतर शाळा सुटल्याचा संकोच होता. पहिल्या दिवशी तो दाराशीच बसला.

आकडा आम्ही उतरविला. रोज फुलस्केपची दोन पाने, म्हणजे साधारण चारशे शब्द. महिन्याची साठ पाने. प्रत्येकाने आपल्या घरी, आपल्या वेळेला लिहायचे. रात्री दहापर्यंत फोनवर एकच शब्द कळवायचा : 'हजर'. नाही लिहिले तर 'खाडा'. हे शब्द त्या तरुणाने सुचविले. कारखान्यातले असल्यामुळे कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी चार पाने लिहून तो भरून काढायचा नाही, हे मात्र आम्ही मुद्दाम ठरविले. भरून काढायचे कर्ज डोक्यावर बसले की माणूस यायचा बंद होतो. उचल घेतलेल्या कामगाराच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको. लागोपाठ दोन खाडे झाले तर तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी घरी जाऊन चहा पिऊन यायचे. लिहिले का, असे विचारायचे नाही. चहा प्यायचा.

रविवारी दुपारी तीनला समाजमंदिरात बसायचे. त्या महिन्यात १०, १७, २४ नोव्हेंबर आणि १ डिसेंबर असे चार रविवार आले. पहिला तास सगळ्यांनी एकत्र बसून लिहायचे, दुसरा तास ज्याला वाटेल त्याने वाचायचे. ऐकणाऱ्याने टीका करायची नाही आणि स्तुतीही करायची नाही. स्तुती नको, हा हट्ट माझा होता. त्यामागचे कारण वर आलेच आहे. मग ऐकणाऱ्याने करायचे काय? दिवाणजींनी म्हटले, आमची आजी गोष्ट सांगायची तेव्हा कोणीतरी हुंकार द्यावा लागे. हुंकार थांबला की ती गोष्ट थांबवायची. तसा हुंकार द्यायचा. आणि न कळलेले विचारायचे. एवढेच. भाषेच्या बाबतीत, भांडताना जी तोंडात येते तीत लिहायचे, शुद्धलेखन कोणी काढायचे नाही, असे ठरले. शिक्षकांना हे जड गेले. पहिल्या रविवारी त्यांच्या हातात लाल पेन होते. ते त्यांच्याकडून काढून घ्यावे लागले.

दुसऱ्या रविवारी मी वाचले. कांडी मशीनवर बसणारी माझी आई, तिच्याभोवती उडणारी सुताची फूस, मालकाकडून माझ्या बी.ए.च्या प्रवेशासाठी घेतलेली उचल, त्या उचलीपायी दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असूनही वडिलांना तो कारखाना सोडता न येणे. आणि पुन्हा तेच वाक्य, कारण ते मला खरे वाटत होते : आबा कामावरून आले की आमच्यावर ओरडत. हुंकार चालू होते. दाराशी बसलेला तरुण म्हणाला, "ताई, एक विचारू? ओरडायचे, का मोठ्यानं बोलायचे?"

मला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "आम्ही सगळेच मोठ्यानं बोलतो. मागावर काय ऐकू येतंय? दहा-बारा वर्षं झाली की घरी पण ऐकू येत न्हाई. माझी बायको म्हणती, सारखं खेकसताय का."

मी घरी आले. वडील जाऊन आठ वर्षे झाली होती, विचारणार कोणाला? आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "डाव्या कानानं तर कायबी ऐकू येत न्हवतं त्येला. तुला ठावं न्हवतं? तुला काय वाटलं, रागानं बोलतोय?"

मला तेच वाटले होते. पस्तिसाव्या वर्षापर्यंत. मी साहित्य शिकवते, दलित आत्मकथनांतील पित्याच्या प्रतिमेवर माझा एक निबंधही छापून आलेला आहे, आणि माझा स्वतःचा बाप रागीट नव्हता, बहिरा होत चालला होता, हे मला एका रातपाळीच्या पोराने सांगितले. पहिल्या गटात हेच वाक्य गेले होते तेव्हा त्याचे कौतुक झाले होते. येथे त्याची उलटतपासणी झाली, आणि ती करणाऱ्याला आपण उलटतपासणी करतो आहोत हे माहीतही नव्हते. आपला गट आपल्या माणसांचा असावा, असे मी म्हणते ते जातीच्या किंवा गावाच्या अभिमानाने नव्हे. जी गोष्ट तुम्ही लिहीत आहात तिच्यातल्या कामाचा, आवाजाचा, घामाचा अनुभव असलेला निदान एक माणूस समोर बसलेला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तो कोणत्या जातीचा आहे ह्यापेक्षा त्याने माग चालविला आहे का, हे त्या क्षणी महत्त्वाचे होते.

आता आमची चूक सांगते. अंगणवाडी सेविका ताई पहिले दहा दिवस एकही खाडा न करता लिहीत होत्या. अकराव्या आणि बाराव्या दिवशी खाडा झाला. ठरल्याप्रमाणे मी आणि विद्यार्थिनी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. निघताना मी, स्वतःच केलेला नियम मोडून, त्यांना म्हटले, "ताई, थांबू नका, तुमचं फार महत्त्वाचं आहे." त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी अंगणवाडीत गाठून त्यांनी मला सांगितले, की नवऱ्याने वही वाचली होती. पुढचे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. 'लिहा' म्हणणे मला सोपे होते. माझी वही माझ्या घरी कोणी उघडत नाही. समर्थन देणारा गट म्हणजे पाठीवर हात ठेवणारा गट, अशी माझी समजूत होती. पाठीवरच्या हाताने माणूस पुढे ढकललाही जातो, आणि पुढे काय आहे हे ढकलणाऱ्याला दिसत नसते. बेबीताईंच्या लपविलेल्या कागदांची गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! ती गोष्ट अडतीस वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकाबरोबर संपली, असे मी मनात धरले होते. ताईंनी पुढे नवी वही केली. ती पोषण आहाराच्या नोंदवहीखाली, अंगणवाडीच्या कपाटात राहते. त्यांनी एकंदर अठरा दिवस लिहिले. काय लिहिले ते गटात वाचले नाही आणि वाचावे असा आग्रह आम्ही धरला नाही.

२० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. शिक्षकांची मतदान केंद्रावर नेमणूक झाली होती. १९ तारखेला पेटी-सामान घेऊन गेले ते २० च्या मध्यरात्रीनंतर परतले. त्यांचे दोन खाडे आम्ही एकमताने माफ करायला निघालो, तर त्यांनीच नकार दिला. १९ च्या रात्री शाळेच्या वर्गात झोप येईना तेव्हा त्यांनी मतदान केंद्राच्या रद्द झालेल्या एका छापील कागदाच्या मागे दोन पाने लिहिली होती. एकच खाडा मांडा, म्हणाले.

ह्याच शिक्षकांचा आणि मागावरच्या तरुणाचा वाद झाला तो तिसऱ्या रविवारी. तरुणाने वाचले ते आत्मकथन नव्हतेच. रेल्वे फाटकाजवळ रात्री दिसणाऱ्या एका भुताची, आणि त्या भुताकडून तीनशे रुपये उसने घेणाऱ्या जॉबरची ती विनोदी गोष्ट होती. आम्ही सगळे हसत होतो. वाचून झाल्यावर शिक्षक म्हणाले, "चांगले आहे, पण ह्यात जाणीव कुठे आहे? आपल्याकडे भुताखेतांवर लिहिणारे काय कमी आहेत? तू रातपाळीवर लिही. तुझे हाल लिही." टीका करायची नाही हा नियम मोडला गेला, पण प्रश्न खोटा नव्हता, म्हणून मी तो थांबविला नाही. तरुण म्हणाला, "सर, रातपाळी मी रोज करतोय. परत लिवू कशाला?"

ह्या वादात मी तरुणाच्या बाजूची आहे. बांधिलकी नको असे मी म्हणत नाही. ह्या पानांवर तसे कोणी म्हणणारही नाही. परंतु आपल्या माणसाने फक्त आपले हाल लिहावेत, कल्पना लढविण्याचा अधिकार इतरांचा, अशी वाटणी आपणच मान्य करून बसलो तर ती नव्या रूपातली बलुतेदारीच होईल. अण्णा भाऊंनी 'फकिरा' लिहिली, तशी 'वैजयंता'ही लिहिली आणि 'माकडीचा माळ'ही. शिवाय भुताकडून उसने घेणारा जॉबर हे उचलीवर जगणाऱ्या माणसालाच सुचेल, असे मला वाटते. मेल्यानंतरही ज्याचे देणे फिटत नाही ते भूत कोणाचे आहे, हे त्या पोराने कोठेही सांगितलेले नव्हते. मात्र हा अर्थ मी त्याला सांगितला नाही. सांगितला असता तर पुढच्या रविवारी त्याने अर्थच लिहून आणला असता. शिक्षकांना माझे म्हणणे अजून पटलेले नाही आणि आमचा वाद चालू आहे.

६ डिसेंबरला हिशेब झाला. साठ पाने पुरी करणारे चौघे निघाले. मी त्यांत नव्हते. माझी एकावन्न पाने झाली, कारण मध्ये विद्यापीठाच्या परीक्षांचे पर्यवेक्षण आले, आणि आईशी बोलणे झाल्यानंतरचे तीन दिवस मला लिहिता आले नाही. त्या एकावन्नातली पहिली सतरा-अठरा पाने फेकून देण्याच्या लायकीची आहेत. हे महिनाभराच्या लेखनावरचे नेहमीचे टीकाबाण आहेत : घाईचे लेखन, कच्चे लेखन, आकड्याच्या मागे लागलेले लेखन. टीका खरी आहे. पण आमच्यासारख्यांच्या बाबतीत कच्चे आणि पक्के ह्यांतील निवड कधीच नसते. कच्चे आणि काहीच नाही ह्यांतील असते. पक्के करण्याचे काम आम्ही जानेवारीपासून महिन्यातून एकदा बसून सुरू केले. तेथे मात्र टीका चालते, लाल पेनही चालते, आणि शिक्षकांचा खरा उपयोग तेथे झाला. एक नियम तेथेही पाळतो : घरातल्या माणसाविषयी लिहिलेले पान, ते माणूस हयात असेल तर, त्याला वाचून दाखविल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचे नाही. त्यामुळे दिवाणजींची निम्मी वही अडकून पडली आहे. त्यांचे थोरले भाऊ ऐकायला तयार नाहीत.

ज्यांना आपल्या गावी असे काही सुरू करावयाचे आहे त्यांनी खर्चाची काळजी करू नये. सात वह्या आणि चार रविवारचा चहा, इतकाच खर्च आला. माणसे पाचांहून कमी नसावीत, कारण दोघे गैरहजर राहिले तरी ऐकणारे उरले पाहिजेत. आणि दहांहून जास्त नसावीत, नाहीतर वाचायला पाळी येत नाही. बायका असतील तर बैठकीची वेळ त्यांना ठरवू द्यावी. आम्ही प्रथम रात्री साडेआठची ठरविली होती, सेविका ताईंनी फक्त "स्वयंपाक कोण करणार?" एवढेच विचारले आणि ती दुपारी तीनची झाली.

एका गोष्टीचा निर्णय उरला होता. समाजमंदिराची किल्ली ज्या काकांकडे असते ते चारही रविवार बाहेर कट्ट्यावर बसून ऐकत होते. पासष्टीचे आहेत, सही करतात, त्यापलीकडे लिहिता येत नाही. शेवटच्या दिवशी कुलूप लावताना त्यांनी विचारले, "मला पण सांगायचंय. मी बोललो आणि ह्या पोरीनं लिवलं, तर ती पानं कुणाची?" विद्यार्थिनी म्हणाली, तुमची. शिक्षक म्हणाले, मग शुद्धलेखन? दिवाणजी म्हणाले, नियम एकच आहे. बराच वेळ दारातच बोलणे झाले. काकांचे सांगणे त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द पदरचा न घालता उतरवायचे, लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवायचे, वही त्यांच्या घरी राहील, आणि त्या पानांची हजेरी काकांच्या नावावर मांडायची असे ठरले. विद्यार्थिनीने आपली दोन पाने वेगळी लिहायची. ती म्हणाली, म्हणजे मला रोज चार पाने. काकांनी तिला वहीचे पैसे देऊ केले, ते तिने घेतले नाहीत.